दुकान वाढवायचं

"हात ढिला सोड गं बाई. माहेरी आल्यावानी सोड."

हा आवाज पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. माझा हात ज्यांच्या हातात होता, त्या बाई दोन दिवसांनी माझ्या सासूबाई होणार होत्या. खरं तर नवरीचा चुडा माहेरचा कासार भरतो. पण त्या हट्टानं स्वतः आल्या होत्या. म्हणाल्या होत्या, "माझ्या सुनेच्या हाताला दुसऱ्या कासाराचा हात लागायचा न्हाई." मी कासाराच्याच घरची पोर, बांगड्यांच्या राशीत लोळत मोठी झालेली, तरी मूठ घट्ट आवळून बसले होते. त्यांनी मूठ उघडली नाही. नुसती आपल्या दोन तळव्यांत धरून ठेवली आणि हळू आवाजात म्हणायला लागल्या,

*कासारीण दारी आली, बस गं बाई उंबऱ्यात*
*सोड मुठीची अढी, हात दे माझ्या हातात*

ओवी संपली तेव्हा माझ्या मनगटावर सात हिरव्या बांगड्या होत्या. कधी चढल्या, मला कळलंच नाही.

त्यांना मी आत्या म्हणायची. गाव त्यांना कासारअक्का म्हणायचं. विट्याच्या कासार गल्लीत आमचं दुकान. दोघी मांडी घालून बसल्या की तिसरीनं रस्त्यावर उभं राहावं, एवढंसं. हे, म्हणजे माझे मालक सदाशिव, माल आणायचे आणि आठवडी बाजार करायचे. दुकानात बांगड्या भरायला आत्या आणि मी. भरणं हेच खरं काम. विकायला काय, कुणीही विकेल. पण गिऱ्हाइकाचा हात हातात घ्यायचा, अंगठ्याचं मूळ दाबून दाबून मऊ करायचं, चार बोटं एकात एक गुंडाळायची आणि त्या जुडीवरून काच पलीकडं न्यायची, हे ज्याला येतं तो कासार. आत्यांच्या हातून बांगडी पाण्यासारखी उतरायची. मला हे सगळं त्यांनी शिकवलं, आणि त्याबरोबर तीन शब्दांची बंदीही शिकवली.

"ध्यानात ठेव," पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या. "बांगडी फुटत न्हाई, वाढती. दुकान बंद होत न्हाई, वाढवत्यात. आणि तिसरं म्हंजे, दुखतं. गिऱ्हाईक म्हणू दे दुखतं म्हणून. भरणारीनं म्हणायचं न्हाई. भरणारीच्या तोंडातनं दुखणं निघालं की ते बांगडीसंगं दुसरीच्या हातात जातं."

"आणि खरंच दुखलं तर?"

"तर ओवी म्हणायची."

रोज दिवेलागणीला फळ्या लावताना त्या म्हणायच्या, "चल, दुकान वाढव." आणि मी वाढवायची. चौदा वर्षं त्यात काही अडचण आली नाही.

ही गोष्ट पंधराव्या वर्षाची.

त्या वर्षी गौरी-गणपतीत माझी बोटं सुजली. मुळाशी, आधी उजव्या हाताची, मग डाव्या, आणि शेवटी दोन्हीकडं अगदी सारखी. सकाळी उठले की मूठ वळायची नाही. झोपेत कुणीतरी माझे हात काढून नेऊन त्या जागी दुसऱ्याच कुणाचे, दोन मापं मोठे हात बसवून गेलंय, असं वाटायचं. बंबातल्या कढत पाण्यात ते दुसऱ्याचे हात बुडवून मी बसायची. अकरा-बारा वाजले की माझे मला थोडे थोडे परत मिळायचे.

बरं, रोज तसंच असतं तर मी ओळखलं असतं, की हे दुखणं आहे. पण मध्येच एखादा आठवडा काही म्हणजे काही नाही. तोंडल्याची भाजी चिरावी तशी बोटं चुरूचुरू चालायची. मग मला वाटायचं, आपणच खोट्या. कामचुकार. आणि तसं वाटून दोन दिवस होतात न होतात तोच सकाळी डब्याचं झाकण उघडेना. गल्लीतल्या एका म्हातारीनं सांगितलं, बाळंतपणातलं वारं राहिलंय. दुसरीनं निरगुडीचा पाला बांधायला दिला. बाजारपेठेतल्या डॉक्टरांना चोरून दाखवलं तर ते म्हणाले, "वयाचं आहे." मी तेहतीस वर्षांची होते. घरी येऊन आरशात पाहिलं, आपलं वय नक्की कुठं दिसतं ते.

घरात कुणाला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे तो शब्द उच्चारायचा. आणि माझ्या हातून रोज पाच-पन्नास हातांत बांगड्या जात होत्या. लेकुरवाळ्या, नवऱ्या, शाळेतल्या पोरी. कुणाकुणाच्या मनगटात घालणार होते मी माझं दुखणं?

भाकरी मात्र लपेना. थापताना तळवा टेकायचा तर सांधा कळ मारायचा, म्हणून मी अर्ध्यात सोडून द्यायची. एकदा ताटात भाकरी पडल्यावर ह्यांनी ती बोटानं वाजवून बघितली.

"आज काय पाट भाजलास?"

"जोंधळा नवा आहे."

"मागच्या महिन्यात जुना होता म्हणालीस."

आत्या शेजारी जेवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. आपल्या ताटातली जाड भाकरी मुकाट्यानं ताकात कुस्करली.

चैत्रातली दुपार असेल. मी आतून चहा घेऊन दुकानात येत होते. मध्ये एक बारकी खोली होती, तिथं रिकाम्या खोक्यांची उतरंड. तिच्याआड आले आणि आत्यांचा आवाज ऐकू आला. हळू बोलत होत्या. त्या हळू बोलल्या की पाय आपोआप थांबायचे.

"तिच्या हाताला आता झेपत न्हाई, सदा. लगीनसराई सरली की दुकान वाढवायचं."

हे म्हणाले, "मी पण तेच म्हणणार होतो, आई. तुला कसं सांगावं म्हणून थांबलोवतो."

"मग ठरलं."

"ठरलं."

बशीत चहा सांडला. मी तशीच मागं गेले, पदरानं बशी पुसली, पुन्हा चहा ओतला आणि पायाचा आवाज करत दुकानात आले. दोघांनीही माझ्या हातातल्या कपाकडं बघितलं. मी तो पदरानं दोन्ही हातांत धरला होता. मी म्हटलं, "कढत आहे."

त्या दिवसापासून माझं डोकं चालेनासं झालं. दुकान वाढवायचं. रोजचं नव्हे, कायमचं. फळ्या लागणार, त्या पुन्हा न उघडायला. आणि कारण मी. आत्यांना माझ्या हाताचं ठाऊक होतं, ह्यांनाही ठाऊक होतं, आणि दोघांनी माझ्यामागं बसून निकाल लावला होता. मला दुसरं काय येत होतं? मी सातवी शिकलेली. दुकान गेल्यावर चुलीपाशी बसायचं म्हटलं तर भाकरीसुद्धा धड थापता येत नव्हती.

रडावं तर रडायलाही नीट कारण सापडेना, कारण घरात जे चाललं होतं त्याचा मेळच बसत नव्हता. आत्यांनी जुना माल फळीवरून उतरवायला घेतला. दहा-दहा वर्षांच्या माळा, जरीच्या, बिलोरी, ज्यांना त्या कुणाला हात लावू देत नसत, त्या निम्म्या भावात देऊन टाकायला लागल्या. एवढ्यापर्यंत समजत होतं. पण त्याच आठवड्यात ह्यांनी बेळगावहून नव्या मालाची चार खोकी आणली. खोट्या मोत्यांच्या माळा, टिकल्या, केसांचे चाप. दुकान वाढवायचं तर नवा माल कशाला? मी मनाशी म्हटलं, बाजारात विकतील. मग एक दिवस कानाला पेन्सिल लावलेला माणूस आला. टेप काढून आमच्या दुकानाची रुंदी मोजली, उंची मोजली, भिंतीवर टिचक्या मारल्या. मी म्हटलं, हा दुकान घेणार.

"कोण होता तो?" मी ह्यांना विचारलं.

"हणमंत मिस्त्री. आईनं सांगितलं न्हाई तुला?"

"नाही."

"मग तिच्याच तोंडनं ऐक की." आणि हसले. चौदा वर्षांत माझ्याशी कधी वाईट न वागलेला माणूस माझं दुकान जाताना हसत होता.

आत्यांना विचारलं, "जुना माल का काढताय?"

"पसारा हाय नुसता. रिकामं झाल्यालं बरं."

"रिकामं कशाला करायचं पण?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. काहीतरी ओठांपर्यंत आलं होतं, शपथेवर सांगते. पण म्हणाल्या, "आमटी उतू जातीया. बघ जा."

आमटी चुलीवर नव्हतीच.

तेव्हाच मी ठरवलं. दाखवून द्यायचं. मोहित्यांच्या घरचं लग्न वैशाखात होतं. मोहित्यांची वैजयंता, गावातली पहिली शिकून मास्तरीण झालेली मुलगी. तिचा चुडा भरायला आत्यांना बोलावणं आलं. घरचं जुनं गिऱ्हाईक. तिच्या आईचा चुडाही आत्यांनीच भरला होता.

"आत्या, वैजूचा चुडा मी भरते."

त्या सुपारी कातरत होत्या. अडकित्ता थांबला. "सकाळी सातचं काम हाय."

मला ऐकू आलं ते. सकाळी. सात. त्यांनी दोन्ही शब्दांवर बोट ठेवल्यासारखं केलं होतं.

"भरते म्हटलं ना."

"बरं," आत्या म्हणाल्या. "मी संगं येते."

त्या दिवशी मी तांबडं फुटायच्या आधी उठले. बंब पेटवला. हात पाण्यात, मग तव्यावर भाजलेल्या कोंड्याच्या पुरचुंडीवर, पुन्हा पाण्यात. मूठ उघड-मीट, उघड-मीट. साडेसहाला चार बोटं हलायला लागली. पाचवं, अंगठा, रुसूनच होता. मी त्याला म्हटलं, बाबा, आजचा दिवस.

मोहित्यांच्या दारात मांडव पडला होता. ओट्यावर वैजू पाटावर बसलेली, हळदीनं पिवळी, आणि भोवती मावश्या-आत्यांचा गलका.

"कासारवैनी, जपून!" एक मावशी म्हणाली. "आमच्या पोरीनं मूठ सासूसाठी राखून ठेवलीय. उघडायची न्हाई!"

"शाळेत छडी धरून धरून हात राठ झालाय तिचा," दुसरी म्हणाली. "एक माप मोठं घ्या."

वैजू हसत होती, पण तिचा हात माझ्या हातात आला तसा कळलं, की गार पडलाय. मी तो तळव्यांत धरला. "ढिला सोडा, वैजूताई. माहेरी आल्यासारखा."

"माहेरीच तर आहे अजून!" ती म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

एका हातात दहा, एका हातात अकरा. पहिल्या हाताच्या दहा बांगड्या चढल्या. कशा चढल्या ते मी सांगू शकणार नाही. प्रत्येक बांगडीला कोपरापर्यंत विजेची तार ओढल्यासारखं होत होतं आणि मी आत्यांची ओवी दातांत धरून म्हणत होते. आत्या माझ्या मागं बसल्या होत्या. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी वळून बघितलं नाही. मनात एकच, दहा झाल्या, आता बघा. हिच्या हाताला झेपत नाही म्हणता?

दुसऱ्या हाताची सहावी गेली. सातवी अंगठ्याच्या मुळाशी आली आणि माझी बोटं अडकली. दाबायला गेले तर दाबेना, सोडायला गेले तर सुटेना. माझे हात पुन्हा त्या दुसऱ्याच कुणाचे झाले. त्या परक्या हातांनी जोर केला, भलत्याच बाजूला.

कच्.

काच माझ्याच तळव्यात घुसली. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "फुटली!"

नवरीची आई पांढरी पडली. हळद लागलेल्या पोरीच्या हातात कासारीण स्वतःच्या तोंडानं 'फुटली' म्हणते, असं कुणी ऐकलं नव्हतं.

"वाढली!" मागून आत्यांचा आवाज कडाडला. "वाढली म्हणा सगळ्यांनी! पोरीचं सुख वाढलं. हिच्या आईच्या चुड्यातलीबी एक वाढलीवती. कमी पडलं का काय तिला? चार लेकरं, दोन म्हशी, आन असला नवरा!"

कुणीतरी फसकन हसलं. आत्या पुढं सरकल्या. मला त्यांनी बाजूला केलं नाही, माझ्या शेजारी बसल्या. तुकडे वेचून पदराच्या शेवटाला बांधले, वैजूचा हात घेतला आणि म्हणायला लागल्या,

*फुटली म्हणू नये, बाई वाढली म्हणावी*
*काच नाजूक जातीची, मायेनं बोलवावी*

ओवीच्या दुसऱ्या ओळीला बायकांनी सूर धरला. सूर संपायच्या आत उरलेल्या पाच बांगड्या वैजूच्या हातात होत्या. तिनं आत्यांना नमस्कार केला, मग माझ्यापुढंही वाकली. माझा हात पदराखाली रक्तानं चिकट झाला होता. मी डाव्या हातानं आशीर्वाद दिला. तेही कुणाच्या लक्षात आलं असणार.

परत येताना मारुतीच्या पाराजवळ आत्या थांबल्या.

"बस. हात बघू."

"काही नाही. खरचटलंय."

"मी तिथलं न्हाई म्हणत. हात बघू."

मी मूठ पदरात घट्ट दाबली. म्हणजे जेवढी दाबता येत होती तेवढी. त्या पारावर माझ्याजवळ बसल्या. सकाळचं ऊन त्यांच्या तोंडावर होतं. माझी पदराखालची मूठ त्यांनी वरूनच आपल्या दोन्ही हातांत धरली.

"ढिला सोड गं."

आठ महिने मी जो शब्द गिळत होते तो बाहेर पडला. "दुखतंय, आत्या." एकदा सुटला तो थांबेना. "दुखतंय. सकाळी दुखतंय, गार पाण्यात हात घातले की दुखतंय, मुलांचे डबे भरताना दुखतंय. कधीकधी दुखतच नाही, मग मलाच कळत नाही काय खरं ते. आणि आता मी वैजूच्या हातात... ती नवरी आहे हो. तिच्या हातात गेलं असलं तर?"

"काय गेलं असलं तर?"

"माझं दुखणं. बांगडीतून."

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. "खुळी हायस काय? काच हाय ती. पोस्टमन न्हाई."

"तुम्हीच म्हणाला होता."

"मी लई काय काय म्हणते," आत्या म्हणाल्या. त्यांनी माझी बोटं उघडली, एकेक. सुजलेल्या सांध्यांवरून त्यांचा अंगठा फिरला. त्या अंगठ्याला ती वाट पाठ असावी असा फिरला. "उजवा आधी सुजला न्हवं?"

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"हात धरूनच पोट भरतीया मी, जलमभर." आणि उठल्या. "चल. दुकान उघडं टाकून आलोय."

दुकान उघडंच होतं. इतकं उघडं मी ते कधी पाहिलं नव्हतं. माळांच्या खुंट्या निघालेल्या, फळ्या रस्त्यावर ठेवलेल्या, आणि मधोमध हणमंत मिस्त्री कानाला पेन्सिल लावून भिंत ठोकत होता. हे खोकी हलवत होते. लगीनसराई सरायच्या आधीच.

मग मात्र माझा तोल गेला. रस्त्यावर, भर गल्लीत, रक्ताळलेल्या हातानिशी मी ओरडले, "मी दुकान बंद होऊ देणार नाही!"

तिसरा शब्द. एका दिवसात तिन्ही संपवले मी.

"बंद?" ह्यांच्या हातातलं खोकं तिरकं झालं. "कोण बंद करतंय?"

"मला सगळं ठाऊक आहे. माझ्या हाताला झेपत नाही म्हणून दुकान वाढवायचं ठरवलंय तुम्ही. माझ्या कानांनी ऐकलंय. माझे हात सकाळी चालत नाहीत. दुपारी चालतात! मी दुपारी भरीन. पण फळ्या लावू नका."

हणमंत मिस्त्रीनं कानाची पेन्सिल काढली आणि शांतपणे म्हणाला, "वैनी, बंद करायला मिस्त्री कशाला लागतोय? कुलूप बास हाय."

हे माझ्याकडं बघत राहिले, मग खोकं खाली ठेवून मटकन त्यावरच बसले. "अगं, वाढवायचं म्हंजे वाढवायचं! मोठं करायचं! शेजारच्या शिंप्यानं गाळा सोडलाय. ही भिंत काढायची. हितं उंच फळी, तिथं तुला खुर्ची. जमिनीवर मांडी घालून दिवस काढायचा न्हाई. भरायला दुसरी बाई ठेवू. तू माप सांग, रंग सांग, माल बघ. तुझ्याएवढी नजर कुणाला हाय?" त्यांचा आवाज जरा चिरकला. "भाकरी काय उगंच जाड होती का? मला कळत न्हाई व्हय?"

गल्लीतली माणसं जमायला लागली होती.

"आणि हे काय माझ्या डोक्यातलं न्हाई," हे म्हणाले. "आईनंच सांगितलं. दुकान वाढवायचं. विचार की तिला."

आम्ही सगळ्यांनी आत्यांकडं बघितलं. त्या पायरीखाली उभ्या होत्या. त्यांनी आधी ह्यांच्याकडं बघितलं, मग हणमंताच्या टेपकडं, मग माझ्याकडं. पदराच्या गाठीतले काचेचे तुकडे त्यांच्या बोटांत किणकिणत होते. मग त्या म्हणाल्या,

"व्हय. वाढवायचं म्हणाले मी. दुसरं काय म्हणणार?"

आणि गल्ली हसायला लागली. मीही हसले. रडत रडत हसले. तळव्यातून रक्त टपकत होतं तरी हसले.

पुढच्याच आठवड्यात ह्यांनी मला मिरजेला एका मोठ्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी रक्त तपासून दुखण्याला नाव दिलं, आमवात. मी विचारलं, "पण हे झालं कशानं?" डॉक्टर म्हणाले, "घराच्या राखणदारानं घरच्यांनाच चोर समजून झोडपावं, तसं आहे हे. राखणदार वाईट नाही. त्याची समजूत चुकलीय." आठवड्यातून एकदाच घ्यायची एक गोळी त्यांनी दिली, दर महिन्याला रक्त दाखवायला सांगितलं. हे पूर्ण जाणार नाही, पण ताब्यात राहील, असंही सांगितलं. येताना एसटीत मी ह्यांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपले. आठ महिन्यांत पहिल्यांदा मला माझ्या दुखण्याचं नाव ठाऊक होतं.

दुकान वाढलं. भिंत गेली. उंच फळीमागं खुर्चीवर मी बसायला लागले. भरायला मणेरांची सून जुबेदा आली. तिचाही घरचाच धंदा, हात लोण्यासारखा. मी समोरून येणारीचा हात लांबूनच बघून माप सांगायची, "सव्वादोन काढ गं, जुबेदा." बाई पायरी चढायच्या आत तिच्या रंगाची माळ खाली उतरलेली असायची. लोक बघायलाच म्हणून यायचे. पाच-पंचवीस गावांची लग्नं आमच्याकडं यायला लागली. वाईट दिवस येतच राहिले. बोटं हळूहळू एका अंगाला कलली. त्या दिवसांत मी हात मांडीवर ठेवून नुसतं तोंडानं दुकान चालवायची. चालायचं.

आणि ती चूक घरातली थट्टा होऊन बसली. पाहुणा आला की हे सांगायचे, "आमच्या मंडळींचं काय विचारता, वाढवायचं म्हटलं की बंद समजतात." दिवेलागणीला आत्या "दुकान वाढव" म्हणाल्या की जुबेदा हमखास विचारायची, "आता आणि कुठं वाढवू, अक्का? पलीकडं गटार हाय!" आणि आत्या हसायच्या. सोळा वर्षं हसल्या.

सोळाव्या वर्षी त्या ऐंशीच्या पुढं गेल्या होत्या. डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं. दुपारभर दुकानातच कोपऱ्यातल्या पाटावर भिंतीला टेकून बसायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांच्या बांगड्यांचा आवाज ऐकत. एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "कुमुद, दुकान वाढव गं."

"गटार हाय, अक्का!" जुबेदा चपला घालता घालता म्हणाली.

आत्या हसल्या नाहीत. जुबेदा गेली. मी फळी लावायला उठले.

"र्‍हाऊ दे जरा. हितं ये. हात दे."

मी जवळ बसले. त्यांनी माझा हात घेतला. न दिसणाऱ्या डोळ्यांनी समोर बघत एकेका बोटावरून, एकेका वाकड्या सांध्यावरून अंगठा फिरवत राहिल्या.

"माझ्या आईचे हात असेच गेले," त्या म्हणाल्या. "चाळिशीच्या आतच. लोक तोंडावर गोड बोलायचे आन भरायला पलीकडच्या आळीत जायचे. ती आपली माळा टांगून दिवसभर दारात बसायची. कुणी फिरकायचं न्हाई. ती दिवस मावळस्तोवर रस्त्याकडं बघायची, आन मी तिच्या तोंडाकडं."

"हे कधी सांगितलं नाहीत तुम्ही."

"तुझी बोटं सुजली तवा तीच दिसाय लागली मला. रोज. म्हणलं, हिचं तसं व्हायला नको. लोकांनी पाठ फिरवायच्या आधी आपणच फळ्या लावू." त्यांचा अंगठा पुढच्या सांध्यावर गेला. "मिस्त्री मापं घेऊन गेला तवा मला वाटलं, गाळा विकायचाय. मग बघते तर सदा त्येलाच घेऊन भिंत काढाय उभा. असं फुलल्यालं त्येचं तोंड. त्येला उलटंच कळलंवतं. आन तू रस्त्यात उभी, रगात गळतंय, दुकान र्‍हावं म्हणून वरडतीस. तवा माझ्या मनातलं मी कुणाला सांगू?"

"आत्या," मी म्हटलं.

"सोळा वरसं सगळे तुला हसले. मीबी हसले." त्यांनी माझी बोटं आपल्या दोन्ही तळव्यांत घेतली, चुडा भरण्याआधी घ्यायच्या तशी. "तू बरोबर ऐकलंवतंस, पोरी. बंदच म्हणाले होते मी. बंद."